मूल रात्री वेळेवर का झोपत नाही?

घरात एक ते आठ वर्षांचे मूल असेल, तर रात्री साडेनऊ ते अकरा या वेळात काय चालते, हे वेगळे सांगायला नको. दिवे मालवलेले असतात, आई किंवा आजी थोपटत असते, आणि मूल मात्र पाणी मागते, शू लागली म्हणते, एक गोष्ट संपली की दुसरी मागते आणि शेवटी अंथरुणातच उड्या मारू लागते. मग कोणीतरी रागावते, मूल रडते आणि रडता रडता झोपते. सकाळी त्याच मुलाला ओढून उठवावे लागते. या रोजच्या प्रकाराला आपण हट्ट, लाड किंवा मोबाइलची सवय अशी नावे देतो, आणि त्यात काही अंशी तथ्यही असते. पण झोप शरीरात कशी तयार होते हे समजून घेतले, तर लक्षात येते की बहुतेक मुलांना त्या घटकेला खरोखरच झोप आलेली नसते, आणि ती का आलेली नाही याचे कारण बहुधा त्याच दिवशीच्या सकाळी किंवा दुपारी घडून गेलेले असते.

झोप आणणाऱ्या दोन यंत्रणा

पहिली यंत्रणा आहे झोपेच्या दाबाची. आपण जागे असतो तेव्हा मेंदूतील पेशी सतत ऊर्जा वापरत असतात आणि त्या खर्चातून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत साठत जाते. ते जसजसे वाढते तसतसे डोळे जड होतात, आणि झोपेत ते पुन्हा कमी होते. पावसाळ्यात नाशिकचे गंगापूर धरण भरत जावे तसा हा दाब जागेपणी भरत जातो आणि झोप हा त्याचा विसर्ग असतो. फरक इतकाच की मोठ्या माणसाचे धरण भरायला पंधरा-सोळा तास लागतात, तीन वर्षांच्या मुलाचे पाच-सहा तासांत बरेचसे भरते आणि तान्ह्या बाळाचे तास-दीड तासातच काठोकाठ होते. म्हणूनच बाळ दिवसभर झोपत-उठत राहते, आणि म्हणूनच संध्याकाळी सहा वाजता स्कूटरवर लागलेली अर्ध्या तासाची डुलकी रात्रीची सगळी गणिते बिघडवते. रात्रीसाठी साठवलेले पाणी तेव्हाच सोडून दिलेले असते.

दुसरी यंत्रणा शरीरातील घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या थोडे वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि तो चोवीस तासांचा ताल धरून शरीराचे तापमान, भूक, संप्रेरके आणि झोप यांच्या वेळा ठरवतो. पेशीच्या आत हा ताल कसा राखला जातो, हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांचे हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालते, त्यामुळे ते रोज थोडे पुढे आणून लावावे लागते, आणि हे काम सकाळचा उजेड करतो. संध्याकाळी उजेड उतरला की याच घड्याळाच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते. ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. झोपेच्या गोळीसारखे ते माणसाला पाडत नाही.

या दोन्ही यंत्रणा एकाच वेळी जुळल्या तरच सहज झोप लागते. दाब भरला आहे पण घड्याळात रात्र झालेली नाही, अशी अवस्था म्हणजे संध्याकाळी चिडचिड करणारे, डोळे चोळणारे आणि तरीही न झोपणारे मूल. त्यात आणखी एक गंमत आहे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे एक-दोन तास हे घड्याळ उलट जागे राहण्याचा जोर वाढवते. रोज अकराला झोपणाऱ्या मुलाला एखाद्या दिवशी अचानक नऊ वाजता अंथरुणावर टाकले, तर ते नेमके याच हुशारीच्या काळात सापडते आणि दोन तास छळते. पालकांना वाटते की मूल मुद्दाम करत आहे. प्रत्यक्षात त्याच्या शरीरात अजून संध्याकाळ चालू असते.

कमी झोप झालेले मूल पेंगुळलेले दिसेल, हीही आपली अपेक्षा मोठ्या माणसांवरून आलेली आहे. लहान मुले थकली की पुष्कळदा जास्त धावतात, जास्त हसतात, लगेच रडतात आणि हातातले काम अर्धवट टाकतात. ‘याला झोपच लागत नाही हो, एवढी एनर्जी आहे’ असे आपण ज्याच्याविषयी कौतुकाने सांगतो, ते मूल कित्येकदा झोपेचे भुकेलेले असते.

किती झोप हवी, याचे ढोबळ आकडे उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या सूचनांनुसार चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांत ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांत १० ते १३ तास झोप व्हायला हवी. शाळकरी वयात, म्हणजे सहा ते बारा वर्षांत, ९ ते १२ तास योग्य मानले जातात. ही मर्यादा रुंद आहे याकडे लक्ष द्यावे. शेजारचे मूल बारा तास झोपते आणि आपले साडेदहा तास, एवढ्यावरून काळजी करण्याचे कारण नाही. उठवल्याशिवाय उठते का, दिवसभर बरे असते का, ही खरी कसोटी आहे.

सिडकोतले एक घर

उदाहरणादाखल नाशिकच्या सिडकोतल्या एका घराची कल्पना करू. वडील सातपूरच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला आहेत आणि रात्री साडेअकराला घरी येतात. सीनियर केजीतली पाच वर्षांची मुलगी ‘बाबा आल्याशिवाय झोपणार नाही’ म्हणून जागी राहते, त्यांच्या ताटातला घास खाते आणि मग पावणेबाराला झोपते. सकाळी सातला आई तिला उठवते. शाळेतून आल्यावर जेवण आणि थोडा टीव्ही झाला की चार वाजता ती सोफ्यावरच आडवी होते आणि सहापर्यंत गाढ झोपते. दमली असेल म्हणून आजीही उठवत नाही. रात्रीचे सव्वासात तास आणि दुपारचे दोन मिळून सव्वानऊ तास होतात, म्हणजे तिच्या वयाला लागणाऱ्या किमान दहा तासांपेक्षा कमीच.

या घरात सगळे प्रेमानेच चालले आहे, आणि तरीही एक चक्र तयार झाले आहे. रात्र उशिरा, म्हणून झोप अपुरी; झोप अपुरी, म्हणून चारला डोळे मिटतात; संध्याकाळी सहापर्यंत झोप झाली, म्हणून दहाला डोळे टक्क उघडे. ते रात्रीच्या टोकाकडून सोडवायला गेले की भांडण होते. दिवसाच्या टोकाकडून सोडवले तर बरेच सोपे जाते.

आधी उठण्याची वेळ पक्की करावी, आणि ती रविवारीही फार तर अर्ध्या-पाऊण तासाने बदलावी. शनिवारी रात्री बारा आणि रविवारी सकाळी दहा असे झाले की घड्याळ दोन-तीन तास मागे जाते आणि सोमवारची सकाळ रडण्याने सुरू होते. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मुलाला गॅलरीत, गच्चीवर किंवा दारासमोर खऱ्या उजेडात आणावे. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या ट्यूबच्या कितीतरी पट अधिक असतो. दुसरे, दुपारची झोप अलीकडे ओढून जेवणानंतर लगेच, दीड-दोनच्या सुमारास आणावी, तिचा कालावधी हळूहळू पाऊण तासावर आणावा आणि तीननंतर झोपू देऊ नये. पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना दुपारच्या झोपेची गरजच नसते, पण रात्र सुधारण्याआधी ती एकदम बंद केली तर संध्याकाळ असह्य होते. मधल्या काळात सहा वाजता मुलगी पेंगू लागली, की तिला घेऊन खाली उतरावे, मैदानावर न्यावे, भाजी आणायला सोबत चालवत न्यावे. त्या एका तासाला मोबाइल हाती देऊन वेळ काढला, तर ती बसल्या जागी झोपण्याचीच शक्यता अधिक.

रात्रीची वेळ शेवटी सरकवावी, आणि तीही दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अशी. पावणेबारावरून साडेनऊवर यायला या हिशेबाने साधारण तीन ते चार आठवडे लागतात. एवढा काळ धीर धरवत नाही म्हणून बहुतेक घरांतला प्रयत्न चौथ्या दिवशी सुटतो. आणि बाबांचे काय? त्यांची भेट सकाळी घडवावी. मुलीचे केस विंचरणे, डबा भरणे, व्हॅनवाल्या काकांपर्यंत सोडायला जाणे ही कामे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वडिलांकडे आली, तर रात्री जागून मिळणाऱ्या पंधरा मिनिटांच्या बदल्यात तिला सकाळचा पाऊण तास मिळतो. शिफ्ट बदलली तरी मुलीचे वेळापत्रक बदलू नये. कारखान्याची पाळी मोठ्यांनी सोसावी, मुलीला तिच्या मागे फरफटत नेऊ नये.

उजेडाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग अधिक स्वच्छ असते, त्यामुळे तेवढाच उजेड मोठ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांत जास्त शिरतो. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवले, तेव्हा त्यांचे मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घटले आणि दिवा मंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेकांत ते पूर्ववत झाले नव्हते. प्रयोगातला उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा बराच प्रखर होता, हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे. म्हणून केवळ मोबाइल काढून घेऊन भागत नाही. साडेआठनंतर हॉलमधली पांढरी ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावणे हा बिनखर्चाचा आणि बिनभांडणाचा उपाय आहे. स्क्रीनबाबत भारतीय बालरोग अकादमीने २०२१ साली दिलेली सूचना अशी की दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल वगळता स्क्रीन देऊच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त देऊ नये. एका खोलीच्या घरात सगळे मालिका पाहत असताना मुलाने तेवढे भिंतीकडे तोंड करून झोपावे, ही अपेक्षा मात्र कोणत्याही अकादमीला पूर्ण करता येणार नाही. तिथे मालिकाच दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावी लागते.

शाळेची वेळ

सकाळच्या सत्रातल्या शाळांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे घराच्या हाती फारसे उरत नाही. शाळा सव्वासातला असेल तर व्हॅन साडेसहाला येते आणि मूल पावणेसहाला उठते. सहा वर्षांच्या मुलाला दहा तासांची झोप द्यायची, तर ते पावणेआठला झोपायला हवे, आणि ज्या घरात जेवणच नऊला होते तिथे हे अशक्य आहे. जानेवारीत नाशिकचा सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. म्हणजे स्वेटर-कानटोपी घालून थंडीत निघालेली ही मुले अंधारात घर सोडतात आणि घड्याळ लावणारा सकाळचा उजेड त्यांना शाळेच्या पटांगणातच काय तो मिळतो.

तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली, आणि त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय जाहीर केला. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या शाळांना आणि दोन-दोन फेऱ्या करणाऱ्या व्हॅनचालकांना हा बदल जड जातो, ही अडचण खरी आहे. तरीही निर्णयाची दिशा शरीरशास्त्राला धरून आहे, असे माझे मत आहे. शाळेची वेळ पालकसभेतला किरकोळ मुद्दा समजू नये. गणवेश आणि सहलीइतकीच चर्चा तिच्यावरही व्हावी. ज्यांना पर्याय नाही त्यांनी दुपारी शाळेतून आल्यावर तासाभराची झोप निःसंकोच द्यावी, फक्त ती तीनच्या आत संपवावी.

तान्ह्या बाळांचे गणित निराळे

वर सांगितलेले घड्याळ नवजात बाळात चालू झालेलेच नसते. त्याचा ताल साधारण दोन ते तीन महिन्यांत दिसू लागतो. तोपर्यंत बाळाचे पोट लहान, दूध लवकर पचणारे आणि दिवस-रात्र सारखेच, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी उठणे हा त्याचा धर्मच आहे. आईच्या दुधातून मात्र त्याला थोडी मदत मिळते, कारण रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असते आणि दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. पालकांनी एवढेच करावे की दिवसा बाळाला उजेडात आणि घरातल्या नेहमीच्या आवाजात ठेवावे, आणि रात्री दूध पाजताना किंवा दुपटे बदलताना मंद दिवा लावून, न बोलता, न खेळवता काम उरकावे.

बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटांचे असते, मोठ्यांचे नव्वद मिनिटांच्या आसपास. नवजात बाळाची सुमारे निम्मी झोप सक्रिय प्रकारची असते, जिच्यात पापण्यांखाली डोळे हलतात, ओठ मुडपतात, हसू फुटते, कण्हल्यासारखे आवाज येतात. ‘सटवाई हसवते’ असे आजी म्हणतात तो हाच काळ. या झोपेचा शास्त्रीय शोध १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी जाहीर केला. असेरिन्स्कीने सुरुवातीची निरीक्षणे तान्ह्या बाळांवर केली होती आणि पुढे यंत्राला जोडले ते स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला. पालकांच्या दृष्टीने यातला उपयोगाचा भाग असा की या अवस्थेत बाळ कुरकुरले म्हणून ताबडतोब उचलले, तर झोपलेल्या बाळाला आपणच जागे करतो. मिनिटभर थांबून पाहावे; पुष्कळदा ते पुढच्या आवर्तनात आपोआप जाते.

सहा महिन्यांनंतरही बाळ रात्री चार-पाचदा उठत असेल, तर ते कशाच्या आधारे झोपते हे पाहावे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपण सगळेच किंचित जागे होतो आणि परिस्थिती झोपताना होती तशीच आहे ना, याची खात्री करून पुन्हा झोपतो. खांद्यावर झोके घेत झोपलेले बाळ जागे होते तेव्हा खांदा नसतो आणि झोकाही नसतो, म्हणून ते ओरडते. उपाय म्हणजे संध्याकाळी एकदा तरी त्याला पेंगुळलेले पण जागे असताना खाली ठेवून थोपटणे. बाळाला वेगळ्या खोलीत ठेवून रडू द्यावे, हा परदेशी घरांतला प्रघात आपल्याकडे आणायची गरज मला वाटत नाही. एकाच खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या गादीवर झोपणारे बाळही सलग झोपायला शिकते.

ती गादी कशी असावी, याबाबत मात्र तडजोड नको. वर्षाखालील बाळाला नेहमी पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर, उशीशिवाय झोपवावे. तोंडावर येईल असे सैल पांघरूण, मऊ खेळणी किंवा लोड जवळ ठेवू नयेत. अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम १९९४ साली सुरू झाली आणि पुढील दहा वर्षांत झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडची पद्धत या नियमात बसत नाही. डोक्याचा आकार राखायचा तर बाळ जागे असताना, आपण समोर बसून, त्याला रोज थोडा वेळ पालथे ठेवावे. दुपट्यात गुंडाळणे पहिले काही आठवडे चालते, पण पाय आत मोकळे वाकतील इतके सैल असावे, आणि बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागले की बंद करावे. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकू शकते, त्यामुळे तिच्यात झोपलेल्या बाळाला नजरेआड ठेवू नये आणि रात्रभर तर मुळीच ठेवू नये.

नाशिकच्या थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवणारी घरे अजून आहेत. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो झोपेतच जीव घेतो. धुरी आणि शेगडी, दोन्ही बाळाच्या खोलीतून बाहेर काढावीत. बाळाला ऊब पुरेशी आहे का हे हातापायांवरून ठरवू नये, कारण ते बाळांचे थंडच असतात; मानेमागे हात लावून पाहावा. मान घामट लागली तर एक थर कमी करावा.

झोप लागावी म्हणून गुटीत जायफळ उगाळून देण्याची रीतही अशीच. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये आणि जायफळ जास्त प्रमाणात विषारी असते, एवढी दोन कारणे पुरेशी आहेत. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका शंभर वर्षांपूर्वी तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, अशा नोंदी त्या काळच्या अहवालांत आहेत. त्यांना दुसरा इलाज नव्हता. आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने प्रवास करताना सर्दीचे सिरप पाजून मुलाला गुंगवणाऱ्यांना तो आहे. सर्दीच्या पुष्कळ औषधांत असणारे क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत.

रात्री किंचाळून उठणारे मूल

तीन ते आठ वर्षांच्या काही मुलांत एक प्रकार आढळतो, जो पाहिला की घर हादरते. मूल साडेनऊला झोपते आणि अकराच्या सुमारास एकदम किंचाळून उठून बसते. डोळे उघडे, अंग घामाने ओले, छाती धडधडत असते; आई समोर असूनही ते ‘आई, आई’ म्हणून ओरडते आणि तिलाच ढकलते. आजी म्हणते, ‘काहीतरी बघितलंय पोरानं, दृष्ट काढ आधी.’ मीठ-मोहरी मुठीत घेऊन ओवाळून होते, आणि पाच-दहा मिनिटांत मूल खरोखरच शांत होऊन झोपते. सकाळी त्याला काही आठवत नसते.

हे घडते गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा झाल्यामुळे. हालचाल आणि भीती यांच्याशी संबंधित भाग जागे होतात, भान असलेला भाग झोपलेलाच राहतो, आणि बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत सगळे आपोआप ओसरते; दृष्ट काढायला लागणारा वेळही साधारण तेवढाच असतो. दृष्ट काढून नुकसान काही होत नाही आणि घाबरलेल्या घराला हाताशी काम मिळते. पण मुलाला गदागदा हलवणे, तोंडावर पाणी मारणे, ‘काय दिसलं सांग’ असे विचारणे टाळावे. ते पडणार नाही, कुठे आपटणार नाही, एवढे पाहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याविषयी त्याच्यासमोर चर्चा करू नये. वाईट स्वप्ने यापेक्षा वेगळी असतात. ती पहाटेकडे पडतात, मूल पूर्ण जागे होते, काय दिसले ते सांगते आणि कुशीत शिरते. तिथे जवळ घेणेच योग्य.

अपुरी झोप आणि ताप ही अशा किंचाळण्याची नेहमीची निमित्ते आहेत, म्हणून असे प्रकार वाढले की आधी झोपेचे तास मोजावेत. ते रोज ठराविक वेळी होत असेल, तर काही दिवस त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी मुलाला हलकेच चाळवून पुन्हा झोपू द्यावे. अनेकदा एवढ्याने ते थांबते. हातपाय एका लयीत झटके देत असतील, एका रात्रीत अनेकदा होत असेल किंवा नंतर मूल बराच वेळ सुस्त राहत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

अंथरूण ओले करण्याबद्दलही हेच. पाच वर्षांपर्यंत ते सर्वसामान्य आहे आणि त्यानंतरही बऱ्याच मुलांत काही काळ टिकते. ते झोपेत नकळत होते, त्यामुळे रागावण्याचा, चारचौघांत सांगण्याचा काहीही उपयोग नसतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वेळापत्रक सुधारूनही झोप सुधारत नसेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली घोरणे. सर्दी नसतानाही आठवड्यातील बहुतेक रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल, मान मागे टाकून विचित्र कोनात झोपत असेल किंवा मध्येच श्वास थांबून धसक्याने पुन्हा सुरू होत असेल, तर नाकामागील ॲडेनॉइड किंवा घशातील टॉन्सिल वाढल्याची शक्यता असते. अशी मुले दहा तास झोपूनही थकलेलीच उठतात आणि वर्गात त्यांच्यावर चंचलपणाचा शिक्का बसतो.

दुसरी गोष्ट लोहाची कमतरता. शरीरात लोह कमी असले की काही मुलांचे पाय रात्री वळवळतात आणि ती अंथरुणात सतत कूस बदलत राहतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामुळे ही शक्यता दूरची मानू नये. इथेच चहाचा विषय येतो. सकाळी चहा-पोळी किंवा चहा-बिस्किट आणि संध्याकाळी पुन्हा अर्धा कप, ही सवय अनेक घरांत तिसऱ्या वर्षापासून लागते. चहातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही आणि कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसिनचा इशारा अडवते, म्हणजे झोपेची दोन्हीकडून कोंडी होते. चहा थांबवावा आणि लोहाचे औषध मनाने सुरू न करता तपासणी करून घ्यावी.

तिसरी गोष्ट अशी की खाज, दमा, रात्रीचा खोकला किंवा पोटदुखी यांनी झोपमोड होत असेल, तर उपचार त्या आजारावर व्हायला हवा, झोपेवर नव्हे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत रोज चार वेळा लिहून ठेवाव्यात: अंथरुणावर टाकल्याची, प्रत्यक्ष झोप लागल्याची, रात्री उठल्याची आणि सकाळी उठल्याची. दुपारची झोप आणि चहा-चॉकलेट त्याच ओळीत नोंदवावे. घोरण्याची किंवा किंचाळण्याची तक्रार असेल, तर मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवावे आणि त्यात मुलाची छाती व पोट उघडे दिसेल असे पाहावे; श्वास अडकतो की नुसता आवाज येतो, हे डॉक्टरांना बहुधा त्या दोन मिनिटांतच समजते.